सोसू नका, उशी धरा: बायपासनंतर छातीचं दुखणं हलकं कसं करायचं

आईची बायपास झाली तेव्हा ती ६१ वर्षांची होती, मधुमेह १५ वर्षांचा. आठव्या दिवशी तिला पुण्याहून कराडला घरी आणलं. "आई, दुखतंय का गं?" असं विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, "सोसतंय." आम्हीही ते कौतुकानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिला ताप आला, धाप लागायला लागली आणि तपासल्यावर कळलं की फुफ्फुसाच्या तळाशी कफ साठलाय. दुखेल म्हणून ती खोकतच नव्हती. श्वास वरच्यावर घेत होती. दुखण्याची गोळी 'अगदीच राहवलं नाही तर घेईन' म्हणून उशीखाली ठेवून देत होती.

त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी जे सांगितलं, ते मी कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं. दुखणं पार घालवायचं नाही, पण इतकं खाली ठेवायचं की छाती भरून श्वास घेता यावा, खोकता यावं आणि चालता यावं. यातलं एक जरी अडलं, तर उपाय कमी पडतोय असं समजून डॉक्टरांना फोन करायचा.

पुढचं सगळं मी आईच्या तीन महिन्यांत शिकले. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल तर कार्डच पाळा. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनलाही छाती मधून उघडली असेल तर बहुतेक गोष्टी अशाच लागू होतात.

नेमकं दुखतं कुठे आणि का

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या मधलं हाड उभं कापतात आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात. या तारा आत कायमच्या राहतात. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पक्कं व्हायला ३ महिने धरून चला. ही झाली समोरची जखम.

पण आईची तक्रार पाठीची जास्त होती. दोन खांद्यांच्या मधे, मानेत, कधी डाव्या फऱ्याखाली. आम्ही घाबरलो. कारण साधं होतं: ऑपरेशनच्या वेळी छातीचे दोन्ही भाग काही तास फाकवून ठेवलेले असतात. बरगड्या मागे मणक्याला जिथे जोडलेल्या असतात, तिथे त्याचा ताण येतो. म्हणून समोर कापलं तरी मागे दुखतं.

तिसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. बायपाससाठी बहुतेक वेळा छातीच्या आतली, डाव्या बाजूची धमनी सोडवून तिचं टोक हृदयाच्या धमनीला जोडतात. ती सोडवताना त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा दुखावतात. मग हाडाच्या डावीकडची कातडी बधिर होते, नाहीतर तिथे आग होते, मुंग्या येतात, पदराचा स्पर्शही नकोसा वाटतो. हे महिनोन्‌महिने राहू शकतं. ही आग त्या नसांची असते, हृदयाची नाही.

छातीत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या जिथून काढल्या ती भोकं आणि पायातली शीर काढली असेल तर पायाची जखम, हेही दुखतं. बसताना तो पाय स्टुलावर ठेवला की सूज उतरते.

कोणत्या दुखण्याला थांबायचं नाही

घरात सगळ्यांनी हे एकदा मोठ्यानं वाचावं. जखमेचं दुखणं हालचालीनं, खोकल्यानं, दाबल्यानं वाढतं. बोटानं जागा दाखवता येते, स्थिर बसलं की कमी होतं आणि आठवड्यागणिक उतरत जातं. याच्या उलट काही दिसलं तर सावध व्हा.

ऑपरेशनच्या आधी यायची तशी छातीवर ओझं ठेवल्यासारखी कळ, ती हातात किंवा जबड्यात जाणं, सोबत घाम, मळमळ, धाप. अचानक दम कोंडणं. चक्कर येऊन पडणं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात-पाय लुळा पडणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करायचा. अ‍ॅसिडिटी असेल म्हणून सोडा पाजत बसायचं नाही. स्वतः गाडी चालवत तर अजिबात जायचं नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जाणं. जखमेतून पू किंवा पाणी येणं, कडा लाल-गरम होणं, शिवण उसवल्यासारखी दिसणं. कूस बदलताना किंवा खोकताना हाड 'कट्' वाजणं, दोन तुकडे एकमेकांवर सरकल्यासारखं वाटणं. छातीत धडधड, नाडी वेडीवाकडी. एका पोटरीत नव्यानं सूज आणि दुखणं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. एका दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वाढलं तर ते बहुतेक पाणी साठल्याचं असतं, त्याचाही फोन करा. आणखी एक: काही आठवड्यांनी, सगळं बरं चाललेलं असताना, खोल श्वासाला आणि आडवं पडल्यावर टोचणारी कळ येते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, सोबत बारीक ताप असतो. ही हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आल्याची खूण असू शकते. त्यावर औषध आहे, पण ते घरात ठरवायचं नसतं.

मधुमेह असेल तर जखमेकडे दुप्पट लक्ष द्या. साखर वर गेली की जखम भरणं लांबतं आणि जंतू धरतात.

गोळी वेळेवर

दुखायला लागल्यावर गोळी घेणं म्हणजे आग भडकल्यावर पाणी आणायला जाणं. पहिले काही दिवस दुखण्याची गोळी घड्याळ बघून घ्यायची, डॉक्टरांनी दिलेल्या अंतरानं. आईला पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर ६ तासांनी दिली होती. आम्ही सकाळची गोळी तोंड धुऊन झाल्या झाल्या द्यायला लागलो, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासानं श्वासाचे व्यायाम आणि चालणं होईपर्यंत तिचा गुण यायचा. एवढ्या एका बदलानं आमच्या घरातलं निम्मं रडणं थांबलं.

पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, पण मर्यादेत. मोठ्या माणसाला दिवसाकाठी ४ ग्रॅम ही वरची हद्द. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू घेतली जात असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशेबात धरायचं.

माझी चूक सांगते, कारण ती घरोघरी होते. एका रात्री पाठ फार दुखत होती म्हणून मी मेडिकलमधून 'अंगदुखीच्या' गोळ्यांची पट्टी आणली. त्यात डायक्लोफेनॅक होतं. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या बायपासनंतर घ्यायच्या नसतात. त्यांनी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आईनं एकच घेतली होती, सकाळी डॉक्टरांनी ती पट्टी फेकायला लावली. त्यानंतर चिठ्ठीत नसलेली एकही गोळी, मलम किंवा काढा विचारल्याशिवाय घरात आला नाही. अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी मात्र नव्या जोडलेल्या नळ्या उघड्या राहाव्यात म्हणून असते. ती मनानं बंद करायची नाही.

ट्रॅमाडॉलसारखी जोरदार गोळी दिली असेल तर झापड, मळमळ आणि बद्धकोष्ठ येईल हे गृहीत धरा. ती घेतल्यावर पहिल्यांदा उठताना कुणीतरी शेजारी हवं.

उशी आणि श्वास

हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या आकाराची उशी देतात काही ठिकाणी. आम्हाला नव्हती मिळाली. जाड टॉवेलची घट्ट गुंडाळी करून वरून जुन्या सुती साडीचा तुकडा शिवला, काम भागलं. ही उशी दोन महिने हाताशी हवी: पलंगावर, जेवणाच्या टेबलावर, संडासात, गाडीत. खोकला, शिंक, उचकी, हसू, काही आलं की आधी उशी. दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी छातीवर धरायची, घट्ट दाबायची, मग खोकायचं. खोकल्याचा झटका हाडावर जो ताण देतो तो हातात दोन-तीन किलो उचलण्यापेक्षाही जास्त असू शकतो. उशीनं आतून येणाऱ्या जोराला बाहेरून टेका मिळतो.

जोरात खोकवत नसेल तर 'हा' करा. खोल श्वास घ्यायचा, तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरताना करतो तसा 'हाऽऽ' म्हणत सोडायचा. दोन-तीनदा केलं की कफ वर येतो आणि मग एकच खोकला पुरतो.

श्वासाच्या व्यायामासाठी प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं यंत्र (स्पायरोमीटर) सगळ्यांना मिळतं आणि निम्मे लोक ते फुंकतात. ते फुंकायचं नाही, ओढायचं असतं. ताठ बसायचं, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढायचा, गोळी वर आली की जमेल तेवढी तिथेच टिकवायची. तिन्ही गोळ्या उडवण्याची शर्यत लावू नका. एक-दोन गोळ्या सावकाश वर राहिल्या तर फुफ्फुस जास्त चांगलं उघडतं. जागं असताना दर तासाला दहा वेळा. चक्कर आली तर मधे थांबायचं.

पलंगावरून उठताना

सर्वात जास्त दुखवणारी हालचाल ही, आणि मदत करणाऱ्यांचा सर्वात मोठा घोळही इथेच. माझ्या आत्यानं प्रेमानं आईचे दोन्ही हात धरून तिला ओढून बसवलं, आई कळवळली. हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. पलंगाला दोरी बांधून तिला धरून उठणंही नको. असं करा:

१. गुडघे दुमडा, तळपाय गादीवर टेकवा, उशी छातीशी.
२. डोकं, खांदे, कंबर, गुडघे एकदमच कुशीवर वळवा, ओंडका लोळवतात तसं. कमरेत पिळायचं नाही.
३. दोन्ही पाय पलंगाखाली सोडा. पायांच्या वजनानं धड आपोआप वर यायला लागतं.
४. मदतनीसानं एक हात पाठीमागे, खांद्याच्या फऱ्यावर ठेवून हलका टेका द्यायचा, बस. रोग्यानं खालच्या कोपरावर सगळा भार टाकायचा नाही.
५. कडेला मिनिटभर बसा. भोवळ जाऊ द्या.
६. पुढे सरका, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाका आणि मांड्यांच्या जोरावर उभे राहा. हात मांडीवर, खुर्चीच्या दांड्यावर नाही.

यासाठी उंच, कडक पलंग हवा. जमिनीवरची गादी, पाट, भारतीय बैठक निदान दोन-तीन महिने बंद. आमच्याकडे जुन्या पद्धतीचा संडास होता, त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा, घरी आल्यावर धावपळ नको.

रात्र

दिवसा चालून जाणारं दुखणं रात्री अंगावर येतं. सपाट झोपलं की छाती ताणल्यासारखी होते, म्हणून पाठीखाली उशांचा उतार करा, अर्धवट बसल्यासारखा. गुडघ्याखाली लोड, दोन्ही हातांखाली एकेक पातळ उशी. हात अधांतरी राहिले तर त्यांचं वजन रात्रभर खांदे आणि हाड ओढत राहतं, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. पहिले काही आठवडे उताणंच झोपा, कुशीवर कधी ते सर्जनना विचारून. पोटावर नाहीच. एक गोळी झोपायच्या वेळेला येईल असं वेळापत्रक बसवा.

आई रात्री रडायची, कारण सांगता यायचं नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर मन असं खचणं नेहमीचं आहे, आणि खचलेल्या मनाला दुखणं जास्त लागतं. दोन आठवड्यांच्या वर टिकलं, खाणं-बोलणं कमी झालं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे.

हात किती हलवायचे

'हात अजिबात हलवू नका' हा सल्ला घरचे देतात आणि महिन्याभरात खांदा आखडतो, मधुमेह असेल तर फारच. हलवायचे, पण रीतीनं. दंड बरगड्यांशी चिकटलेले असतील तोवर कोपरापासून पुढे बहुतेक कामं करता येतात: जेवणं, दाढी, केस विंचरणं, वर्तमानपत्र. हात लांब करून ओढणं, ढकलणं, मागे नेणं हे टाळायचं. डोक्यावर हात न्यायचेच तर दोन्ही एकदम, सावकाश, दुखेल तिथे थांबून. दिवसातून तीन-चारदा खांदे वर उचलून मागे गोल फिरवा, खांद्यांचे दोन्ही फरे एकमेकांजवळ आणा, मान डावी-उजवीकडे वळवा. आईची पाठदुखी गोळ्यांपेक्षा यानंच उतरली. पाठीवर आणि खांद्यावर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवीही चालते. छातीवर मात्र नको. कातडी बधिर असते, भाजलं तरी कळत नाही.

वजनाची मर्यादा हॉस्पिटलगणिक २ ते ४ किलोच्या आसपास सांगतात. घरात मोजमाप सोपं आहे: १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. भरलेली बादली १५-२० किलोंची. कळशी, भरलेला कुकर, दळणाचा डबा आणि नातवंड हे सगळं मर्यादेबाहेर. नातवाला आजीच्या शेजारी बसवा, मांडीत उडी मारू देऊ नका.

बायकांच्या बाबतीत मला तळमळीनं सांगायचंय. पुरुष घरी आला की झोपून असतो. बाई घरी आली की पंधराव्या दिवशी "नुसती फोडणी तर टाकतेय" म्हणत ओट्याशी उभी राहते. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, विळीवर नारळ खवणं, कुकरचं झाकण आवळणं, ओले कपडे पिळणं, ही सगळी छातीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी ओढणारी कामं आहेत. निदान ६ ते ८ आठवडे नाहीत, आणि मग डॉक्टरांना विचारून एकेक. भाजी निवडायला काही हरकत नाही.

कपडे, आंघोळ, जखम

स्तन जड असतील तर ते दोन्ही बाजूंना ओढले जाऊन जखमेवर ताण येतो, दुखतं, खालचं टोक उसवू शकतं. याबद्दल लाजून कुणी बोलत नाही. पुढून हूक असलेली, तारेशिवायची, मऊ सुती ब्रेसियर दिवस-रात्र वापरा. आपल्या ब्लाऊजचे हूक पुढे असतात ही सोय, पण हुकांची पट्टी नेमकी जखमेवर बसते. मधे स्वच्छ मऊ सुती कापड ठेवा. घट्ट बाह्या चढवताना हात मागे जातो, म्हणून पहिला महिना पुढून बटणांचा गाऊन बरा. मंगळसूत्र जखमेवर घासतं. आईनं ते महिनाभर काढून देव्हाऱ्यात ठेवलं.

आंघोळीची परवानगी मिळाली की कोमट पाणी, साधा साबण, स्टुलावर बसून. बादली दुसऱ्यानं भरून उंच ठेवायची. जखम चोळायची नाही, टिपायची. हळद, तेल, तूप, पावडर, भस्म, काहीही लावायचं नाही, कितीही मोठ्या माणसानं सांगितलं तरी. छातीला मालीशही नाही.

पोट साफ नसेल तर कुंथताना छाती फाटल्यासारखी होते. पालेभाजी, फळं, डॉक्टरांना विचारून इसबगोल. पाणी किती प्यायचं तेही विचारा, काहींना मर्यादा असते.

चालणं आणि गाडी

चालणं हेही दुखण्याचं औषध आहे. श्वास मोकळा होतो, पाठ सैल होते. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात ५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, मग थोडं थोडं वाढवत. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना दम लागला तर वेग जास्त आहे. वाकून चालू नका. जखम जपायला खांदे पुढे पाडले की पाठ आणखी धरते.

पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटातल्या प्रत्येक वळणाला आईनं उशी आवळली होती. गाडीत मागच्या सीटवर बसवा, सीटबेल्ट लावाच, त्याच्या आणि छातीच्या मधे उशी. लांबचा प्रवास असेल तर मधे उतरून चार पावलं चाला. कार साधारण ६ आठवडे चालवायची नाही, दुचाकी त्याहून उशिरा. दुचाकीवर मागे बसणंही नको, खड्ड्याचा दणका थेट हाडाला बसतो.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आईनं एक गोष्ट चाचरत सांगितली: डाव्या बाजूला अजून आग होते, आणि थंडीत जखमेच्या मधोमध काहीतरी टोचतं. डॉक्टरांनी आधी हाड जुळल्याची खात्री केली. आगीसाठी नसांच्या दुखण्याचं वेगळं, रात्री घ्यायचं औषध दिलं. टोचणारं ते तारेचं टोक होतं. फारच सलली तर हाड पूर्ण जुळल्यावर छोट्या प्रक्रियेत तार काढता येते म्हणाले. तिनं काढायला नकार दिला, पण परत येताना गाडीत पहिल्यांदाच उशी मांडीवर ठेवून ती झोपली.